'लक्ष नसते' हा शेरा मारण्याआधी

महोदय,

माझा नातू पहिलीत आहे. दिवाळीनंतर त्याच्या वहीत बाईंचा शेरा आला, 'वर्गात लक्ष नसते.' घरीही तेच. पाठमोरा असला की तीन-तीन हाका माराव्या लागत. टीव्हीचा आवाज वाढवत जाई. झोपेत तोंड उघडं, शिवाय घोरणं. कान दुखल्याची तक्रार मात्र एकदाही नाही, त्यामुळे मलाही तो हट्टीच वाटला. गड्ड्याच्या जत्रेहून आल्यावर झालेली सर्दी महिनाभर हटेना, तेव्हा कुठे आम्ही त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पडजिभेच्या वर, नाकाच्या मागे घशाचा जो भाग असतो, तिथून दोन्ही बाजूंना एकेक नळी कानाच्या पडद्यामागे जाते. सोळाव्या शतकातले इटलीचे शरीररचनातज्ज्ञ युस्टाकी यांच्या नावानं ती ओळखली जाते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि कानात हवा जाते. खंडाळ्याच्या घाटात दडे बसतात आणि आवंढा गिळताच सुटतात, ते याच नळीमुळे. मोठ्यांमध्ये ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते. लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी, म्हणून सर्दी पटकन कानापर्यंत पोचते. त्यात नळीच्या तोंडाशीच अडिनॉइडची गाठ असते, आणि नेमकी ३ ते ७ या वयात ती सर्वांत मोठी असते. नळी बंद पडली की पडद्यामागे पाणी साचतं, पुढे ते डिंकासारखं घट्ट होतं. दुखत नाही, पण बोटं घालून ऐकावं तसं ऐकू येतं.

शेजारच्या काकूंनी लसणाचं कोमट तेल घालायला सांगितलं होतं. तेल पडद्याच्या अलीकडे राहतं आणि पाणी असतं पलीकडे. पडद्याला भोक असेल तर तेल अपायच करतं.

पुष्कळ मुलांत हे पाणी आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलंय. मे महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तोवर बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आहे.

मी स्वतः ३१ वर्षं पूर्व भागातल्या मराठी शाळेत शिकवलं. घरी तेलुगू बोलणारी मुलं उत्तर देईनात की मी म्हणायची, मराठी कळत नसेल. एक मुलगा सतत माझ्या ओठांकडे बघायचा. सर्दी बारमाही. त्याला मी शेवटच्या बाकावर ठेवलं होतं. त्याचे कान तपासावेत हे मला कधी सुचलंच नाही, आणि याचं आज फार वाईट वाटतं.

जूनमध्ये शाळा उघडतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि त्यांच्या तपासणीत कानही असतात. पण गर्दीत न दुखणारा कान सुटून जाऊ शकतो. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, की तोंडानं श्वास घेणाऱ्या, दोनदा हाक मारावी लागणाऱ्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवावीत. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून हळूच दोन आकडे म्हणावेत आणि त्याला ते परत म्हणायला सांगावं. त्याला ते जमलं नाही, तर पथकातल्या डॉक्टरांना त्याचं नाव सर्वांत आधी सांगावं.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर