दोनशेचा प्लॅन घेऊनही गेम अडकतो

संपादक महोदय,

ऑनलाइन गेमवरचा तुमचा रविवारचा लेख वाचला, त्यात म्हटलंय गेम अडकत असेल तर जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. अहो मी घेतला की! पोराच्या हट्टापायी 50 चं कनेक्शन 200 एमबीपीएसचं केलं, संध्याकाळी गेम जैसे थे. वीस वर्षं नेटवर्किंगमधे घालवून मीच फसलो, घरात अजून ऐकवतात.

गेमला डेटा तसा थोडाच लागतो, त्याला हवा असतो तो झटपट निरोप, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किमीच जातो, त्यामुळे सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा मुख्य कॉम्प्युटर, सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन 40 मिलीसेकंद नुसत्या अंतरातच गेले, मग कितीचाही प्लॅन घ्या.

पण खरी गोची गर्दीची आहे. 100 जण एका मैदानात असतील तर प्रत्येकाची हालचाल बाकी 99 जणांना कळवायची म्हणजे 9,900 निरोप, तेही सेकंदाला 20-30 वेळा. प्लेअर दुप्पट झाले की निरोप जवळजवळ चौपट, इथे भले भले सर्व्हर झोपतात. म्हणून मग जो जवळ आहे त्याचीच खबर द्यायची. विसर्जनाला अलका चौकात उभ्या माणसाला समोरचं पथक दिसलं की बास, मंडईत कोण नाचतंय ते त्याला कशाला सांगायचं? दुसरी युक्ती म्हणजे एकाच जगाच्या वेगवेगळ्या कॉप्या करून लोक वाटून टाकायचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम 2004 पासून तेच करतोय, फक्त मग तुमचा मित्र दुसऱ्या कॉपीत असला की बसा शोधत.

आइसलंडच्या ईव्ह ऑनलाइन या गेमवाल्यांनी मात्र (चीनचा सर्व्हर वेगळा, तो सोडा) सगळ्यांना एकाच जगात ठेवलं. तिथे एका ठिकाणी हजारो लोक भिडले की सर्व्हर पडू द्यायचा नाही, त्या भागातला वेळच हळू करायचा, अगदी नेहमीच्या दहा टक्के वेगापर्यंत. जानेवारी 2014 मधली त्यांची एक लढाई अशी 21 तास चालली, लक्ष्मी रोडची मिरवणूकच म्हणा ना! हळू चालेल पण सगळ्यांना सारखंच हळू, हे मला फार आवडलं.

तेव्हा पुढच्या वेळी प्लॅनचे दर छापण्याऐवजी कुठल्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे आणि कुठल्याचा परदेशात, तेवढा एक तक्ता छापा. माझे जादाचे पैसे गेलेच आहेत, दुसऱ्यांचे तरी वाचतील.

– एक वाचक, कोथरूड, पुणे