यादीत मास्तर नाही

डिचोली

प्रिय पात्रांव,

फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. फोनवर तू ‘बरं बरं, पुढे बोल’ म्हणत राहतोस आणि माझा मुद्दा राहून जातो. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा पावसात कुरकुरतो, पण चालते. माझी शुगर आटोक्यात आहे.

आपल्या पत्रकारिता विभागाने नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरवलाय, हे तुला कळलं असेलच, कारण यादीत तू आहेस. मनापासून अभिनंदन! जनसंपर्कात तू, संपादनात मी, टीव्हीवाली बायो, जाहिरातीतला लंबू, माहितीपट करणारी ती मडगावची (तिचं आडनाव तू कधीच धड उच्चारलं नाहीस). कार्यक्रम चवथीनंतर पणजीला, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या सभागृहात. माझं नाव पाहून मला आनंद झाला, खूप झाला. आईने तर शेजारी जाऊन सांगितलंसुद्धा. मग यादी पुन्हा वरून खाली वाचली. आपल्याच वर्गातला, कुडचड्याचा वार्ताहर झालेला मास्तर कुठेच नाही.

वाटलं, टायपिंगमध्ये राहिलं असेल. विभागात फोन केला. एक तरुण प्राध्यापिका आहेत, फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, सर, अर्ज आलेल्यांतूनच निवड झालीय; पुरवणी यादीला अजून वेळ आहे, नमुना पाठवते. नमुना आला. सध्याचं पद. संस्थेचं नाव. मिळालेले पुरस्कार. आणि नावानिशी छापून आलेल्या निवडक बातम्यांची कात्रणं. आता तूच सांग, मास्तर यात काय भरणार? जन्मभर त्याच्या बातमीच्या डोक्यावर ‘कुडचडे, दि. अमुक (वार्ताहर)’ एवढंच छापून आलं. मानधन कॉलम सेंटीमीटरवर. पट्टी घेऊन बातमी मोजायची, बिल करायचं आणि पैशांची वाट बघायची. पद विचाराल तर वार्ताहर, पुरस्कार नाही, नावानिशी बातमी नाही.

तुला राग येईल कदाचित, पण खाणींचे ते दिवस तूच जास्त जवळून पाहिलेत. रिवण-सांग्याकडून सावर्ड्याच्या जेटीकडे खनिजाच्या ट्रकांची रांग लागायची. दारं-खिडक्या बंद करून जेवायचं तरी भातात लाल धूळ. शाळेच्या पोरांनी रस्ता ओलांडायचा म्हणजे आईबापांचा जीव टांगणीला. तेव्हा आम्ही पणजीत बसून ‘खाण व्यवसायाला तेजी’ असे मथळे देत होतो आणि हा रस्त्याकडेला भजीपावच्या गाड्याशेजारी उभा राहून ट्रक मोजत होता.

परवा त्याच्याकडे जाऊन आलो. त्याने ट्रंक उघडली आणि वही माझ्या हातात दिली. शाळेची साधी दोनशे पानी वही, पाढे छापलेल्या पुठ्ठ्याची. आत तारीख, वेळ, ट्रकचा नंबर, पुढे ताडपत्री ‘आहे’ किंवा ‘नाही’. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे जुडगे पानभर. मध्येच ‘पाऊस, छत्री नाही, थांबलो’. एके ठिकाणी शाळेच्या बाईंचं म्हणणं लिहून घेतलंय आणि खाली त्यांची सही आहे, कारण त्या नंतर ‘मी असं बोललेच नाही’ म्हणाल्या असत्या तर? पानांच्या कडा अजून तांबड्या आहेत. बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो.

२०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणींवरचा न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. तेव्हा दिल्लीहून आलेल्या चॅनेलवाल्यांनी दोन दिवसांत सगळं ‘उघडकीस आणलं’. मास्तरने ते त्याआधी कित्येक पावसाळे दोन-दोन इंचांत पाठवलं होतं. आणि खाणी बंद झाल्यावर तो गप्प बसला का? भावाचा ट्रक दारात ताडपत्रीखाली उभा, बँकेच्या नोटिसा येताहेत, गावात लोक याच्याशी बोलेनात, आणि हा त्याच लोकांच्या हप्त्यांच्या बातम्या पाठवतोय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हाही त्याची बातमी गॅरेजवाले, टायरवाले आणि खानावळवाल्या बायकांची होती. दोन्ही बाजूंची ओरड एकाच घरात ऐकून दोन्ही खरी लिहिणारा दुसरा बातमीदार मला माहीत नाही.

हे सगळं तुझ्यापुढे बोलताना मी जरा जपून बोलतोय, तुझ्या लक्षात आलं असेल. तू तेव्हा टेबलाच्या पलीकडे, खाण कंपनीच्या जनसंपर्कात होतास. पण जनसंपर्काला मी कधी कमी लेखलं नाही. आपला विभाग दोन्ही शिकवतो आणि दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात. तू कंपनीत गेलास तेव्हा मास्तर जे बोलला ते जास्तच होतं. आणि तू त्या रात्री कुडचड्याच्या हॉटेलात ‘खेड्यात सडशील’ म्हणालास तेही जास्तच होतं. दोघांनी बिल देण्यावरून भांडून शेवटी कुणीच दिलं नाही आणि हॉटेलवाल्याने मला धरलं, ते पैसे अजून यायचेत. हो, आणि तो प्रायोगिक अंकातला ‘आमदारांचे पोषण सुटले’ मथळा तुझाच. ‘उपोषण’मधला ‘उ’ तू खाल्लास. मी मुद्रितं वाचली तेव्हा तो जागेवर होता आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. ज्यांच्या नावाच्या सभागृहात आपला सत्कार होणार, त्या मिनेझिस ब्रागांझांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात ‘प्रकाश’ हे वृत्तपत्र चालवलं. १९१२ साली ‘भारत’ हे वृत्तपत्र काढणाऱ्या हेगडे देसाईंनी पोर्तुगीज सरकारचे खटले अंगावर घेतले. गोव्यातली पत्रकारिता ही माणसं सांगूनच आपल्याला शिकवली ना? पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर हीच नावं लिहिली होती. मग त्याच वर्गातून बाहेर पडून त्यांच्या सगळ्यात जवळ जो गेला, त्याच्यासाठी नमुन्यात एक रकानासुद्धा असू नये? बायो आणि लंबू मोठे झाले याचा मला अभिमान आहे. पण पहिल्या वर्षाच्या पोरांनी तो सोहळा बघायचाय. त्यांना व्यासपीठावर फक्त पणजी-मुंबई-दुबई दिसली, तर सांग्याला, वाळपईला, धारबांदोड्याला उद्या कोण जाणार? आताच तालुक्यातल्या बातम्या पंचायतीच्या व्हॉट्सअॅपवरून उचलतात. ग्रामसभेत शेवटपर्यंत बसणारा बातमीदार दिसेनासा झालाय.

मास्तरला विचारलं तर हसला. म्हणाला, ‘शाल घेऊन कुडचड्याच्या बाजारात फिरू की काय?’ पण वहिनींनी आतून सांगितलं, ‘अर्ज तुम्ही भरा, हे नाही भरायचे.’ त्यावर तो काही बोलला नाही. मी ते हो म्हणून धरलंय.

तर मुद्दा. अर्ज दुसऱ्याने भरला तरी चालतो, सूचक आणि अनुमोदक दोघेही माजी विद्यार्थी हवेत. सूचक मी. अनुमोदक तू हवास. बायो एका पायावर तयार आहे, पण मला तू हवास. कारण मास्तरच्या बातम्या तुझ्याइतक्या बारकाईने कुणी वाचल्याच नाहीत. त्या खोडून काढणं हे तुझं कामच होतं. प्रत्येक बातमीतला आकडा तू कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिलास, आणि खुलाशाचं पत्रक किती वेळा खिशातच ठेवावं लागलं हे तू मला एकदा मिरामारला सांगितलं होतंस. तेच लिही. अर्धं पान पुरे. नावाशिवाय छापलेली बातमी त्याचीच होती याचा पुरावा विभागाला हवा असेल, तर तुझ्या साक्षीएवढा भक्कम पुरावा नाही. कंपनीचं नाव घालायची गरज नाही.

आणि त्याला तुझा नंबर दिलाय. तो करणार नाही, तुला ठाऊक आहे. तू कर. रात्री आठनंतर, त्याआधी तो ग्रामसभेत नाहीतर मुलांच्या शिकवणीत असतो.

मस्कतला उकाडा कसा आहे? धाकटीचा निकाल ऐकला, शाब्बास सांग तिला. वहिनींची बदली झाली की नाही? सुट्टी चवथीलाच काढ, म्हणजे गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला हात मिळेल आणि सोहळ्यालाही थांबशील. नमुना सोबत जोडलाय, दुसऱ्या पानावर तुझी सही. महिनाअखेर शेवटची तारीख आहे, आणि तू पाठवलेल्या मेलला जोडपत्र लावायला विसरतोस, तेवढं बघ.

तुझा,
भाई