युद्धाच्या कॉमिक्समध्ये मराठा पलटण कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेला माझा भाचा दिवाळीला ठाण्याला आला, तो माझ्यासाठी ‘कमांडो’चे चार अंक घेऊन. स्कॉटलंडमधल्या डंडी गावातून जुलै १९६१ पासून निघणारी ही खिशात मावणारी युद्धकॉमिक्स अजून चालू आहेत, याचा मला पत्ताच नव्हता. दर पंधरवड्याला चार अंक निघतात, दोन नव्या गोष्टींचे आणि दोन जुन्यांच्या पुनर्मुद्रणाचे. २०१७ मध्ये त्यांचा ५००० वा अंक निघाला.

लहानपणी चरईत आमच्या चाळीजवळ ही पुस्तकं दहा पैसे रोजाने भाड्याने मिळायची. १९७१ च्या डिसेंबरात ब्लॅकआउट होता, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. मी अकरा वर्षांची होते आणि गोधडीत बॅटरी धरून ‘कमांडो’ वाचायचे. खरं तर बघायचे, कारण इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पुढे शाळेत चित्रकला शिकवली, कितीतरी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. काळी शाई कुठे भरायची आणि कागद कोरा कुठे सोडायचा, हे मात्र मी त्या गोधडीतच शिकले. मुखपृष्ठ रंगीत, आत नुसतं काळं-पांढरं, पानावर दोन-तीन चौकटी. एवढ्यात रात्र, पाऊस, चिखल, धूर सगळं दाखवायचं. त्या काळात लंडनहून निघणाऱ्या अशाच मालिकांमध्ये ह्यूगो प्रॅट या इटालियन चित्रकारानेही काम केलं होतं. हे काम हलकं नव्हतं.

जुन्या गोष्टींत खटकणारं पुष्कळ आहे. जपानी सैनिकांना एकच चेहरा आणि तोही विद्रूप. आज मुलांच्या हाती असा अंक द्यायचा तर शेजारी बसून बोलावं लागेल. पण माझं दुखणं वेगळं आहे. ज्या इटलीच्या आघाडीवर या गोष्टी पुन्हा पुन्हा जातात, तिथे आपली मराठा लाईट इन्फन्ट्री लढली, आणि ती मला या चौकटींत कधी दिसली नाही. तिकडच्यांनी त्यांच्या मुलांसाठी लिहिलं, त्यांना काय बोल लावायचा? आपण काय केलं, हा प्रश्न आहे. अमर चित्रकथेने परमवीरचक्राच्या मानकऱ्यांवर पुस्तक काढलं, त्याचा मला आनंद आहे. पण दुसऱ्या महायुद्धातले आपले शिपाई मराठी मुलांना चित्रांतून कुणी दाखवले?

गणपतीला कोकणात जाताना माणगावच्या कोंडीत ठाणेकरांच्या गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. तिथे याच मराठा लाईट इन्फन्ट्रीतल्या, नाईक हुद्द्यावरच्या यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. गाडीतल्या किती मुलांना ते कोण हे माहीत असेल? १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला, उरले एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला.

ही गोष्ट काढताना हात थरथरला पाहिजे. तिथे पडलेली ती तुकडीही दाखवायला हवी, दस्त्याखाली मेलेल्या त्या दोघांचे चेहरेही. पराक्रम तेवढा ठेवून किंमत पुसून टाकली तर ती मुलांची फसवणूक होईल.

मराठी प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे: याच आकारात, साध्या कागदावर, काळ्या शाईत, शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत घेता येईल अशा किमतीत मराठी युद्धचित्रकथा काढा. इंग्रजी पुस्तकांचे नुसते अनुवाद करून भागणार नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार असतो, ओळींमध्ये जास्त जागा लागते; इंग्रजीच्या मापाने काढलेल्या संवादाच्या फुग्यात मराठी कोंबली की ती गुदमरते. चौकट पहिल्यापासून मराठी मजकूर धरूनच आखायला हवी.

मी स्वतः सुरुवात केली आहे. याच पलटणीतले शिपाई नामदेव जाधव यांची ९ एप्रिल १९४५ ची इटलीतल्या सेनिओ नदीवरची लढाई मी घेतली आहे. जखमी कंपनी कमांडरला आणि मग आणखी एका जखमीला त्यांनी खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, आणि परत फिरून मशीनगनचे तीन मोर्चे मोडले. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून ग्रेनेड वापरले. शेवटी उघड्या काठावर उभं राहून मराठ्यांची ललकारी दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. सहा पानं शाईत पुरी झाली आहेत. पाण्याची दोन पानं मनासारखी उतरलेली नाहीत, ती पुन्हा काढते आहे. कुणा प्रकाशकाला पाहायची असतील तर आनंदाने दाखवीन, मोबदला नको.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
चरई, ठाणे (पश्चिम)