लिंकनवरच्या लेखात प्रिन्स रिव्हर्स कुठे आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

लिंकन जयंतीला आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण त्यात एक वाक्य आहे की लिंकनने गुलामांना स्वातंत्र्य बहाल केलं, त्या 'बहाल' शब्दाशी मी अडून बसलोय. मी बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि मीपण पोरांना हेच सांगत आलो, म्हणून हे पत्र नुसती तक्रार समजू नका, माझी स्वतःची चूकपण मला दुरुस्त करायचीय.

प्रिन्स रिव्हर्स हे नाव आपल्याकडे कुणाच्या कानावर नाही. साउथ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्टचा गुलाम, मालकाची घोडागाडी हाकायचा. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता, तरी हा शिकला. गुलामगिरीवरून अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं आणि १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने ब्यूफर्टजवळचं पोर्ट रॉयल घेतलं, तेव्हा मळ्यांचे मालक गुलामांना घेऊन राज्याच्या आत पळाले. रिव्हर्सलापण लांब एजफील्डकडे नेलं, आणि तिथून हा गडी मालकाच्याच घोड्यावर बसून शंभरएक मैल शत्रूच्या मुलखातून वाट काढत उत्तरेच्या सैन्यापाशी येऊन पोचला. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा तेव्हा निघालापण नव्हता. यात कुणी काय बहाल केलं सांगा बरं.

पुढे तो पहिल्या साउथ कॅरोलायना पलटणीत सार्जंट झाला, सुटून आलेल्या गुलामांचीच ती पलटण होती. न्यूयॉर्कला गेला तर काळ्या माणसाच्या बाहीवर सार्जंटच्या पट्ट्या बघून ब्रॉडवेवर गोऱ्यांचा जमाव अंगावर आला, म्हणजे उत्तरेत सगळं आलबेल होतं असंपण नाही! पलटणीचा कर्नल हिगिन्सन गोरा होता, त्याने लिहून ठेवलंय की रिव्हर्स छावणीचा बंदोबस्त बघायचा आणि रोजचा रिपोर्ट स्वतः लिहून द्यायचा.

१ जानेवारी १८६३ चा प्रसंग मात्र मुलांना सांगावाच असा आहे. जाहीरनामा लागू झाला त्या दिवशी पोर्ट रॉयलच्या छावणीत मोठमोठ्या ओकच्या झाडांखाली हजारो माणसं जमली होती. जाहीरनामा वाचला तो ब्रिस्बेन नावाच्या डॉक्टरने, तोपण त्याच भागात वाढलेला, स्वतःचे गुलाम त्याने कित्येक वर्षं आधीच मोकळे केले होते. मग पलटणीचा झेंडा कर्नलच्या हातात आला आणि तो बोलायला उभा राहणार तेवढ्यात स्टेजच्या शेजारून एका म्हाताऱ्या काळ्या माणसाने चिरक्या आवाजात देशाचं गाणं सुरू केलं, दोन बायांनी सूर धरला, मग सगळ्यांनीच. कार्यक्रमात हे ठरलेलं नव्हतं. स्टेजवरचे गोरे पाहुणे पण गायला लागले तर कर्नलने हाताने खूण करून त्यांना गप्प केलं, कारण हे गाणं त्या माणसांचं होतं. त्यानंतर कर्नलने पलटणीचे झेंडे ज्यांच्या हाती दिले त्यातला एक प्रिन्स रिव्हर्स. त्याने तिथेच भाषणपण केलं.

लढाई संपली आणि खरं अवघड काम सुरू झालं. १८६८ साली चार्ल्सटनला राज्याची नवी घटना लिहायला जे प्रतिनिधी बसले त्यात निम्म्याहून जास्त काळे होते आणि रिव्हर्स त्यातला एक. सगळ्या पुरुषांना रंग न बघता मत आणि सरकारी शाळा सगळ्यांच्या मुलांना खुल्या, हे त्या घटनेत आलं. मग तो एजफील्डमधून आमदार झाला, ज्या भागातून घोडा घेऊन पळाला होता त्याच भागातून! १८७१ ला एकेन हा नवा जिल्हा झाला त्याच्या संस्थापकांतपण तो आहे.

इथे मला जोतीराव आठवतात. १८७३ ला त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना अर्पण केली. पुण्यात ते छापलं जात होतं त्या काळात तिकडे कालचा गुलाम विधानसभेत बसून कायदे करत होता. हा धागा आपल्या मराठी पेपरांनी नाही दाखवायचा तर कुणी?

नंतर रिव्हर्स याच एकेन जिल्ह्यातल्या हॅम्बर्ग गावात न्यायाधीश होता. ४ जुलै १८७६, देशाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी काळ्या मिलिशियाची, म्हणजे राज्याच्या नागरी सैन्याची, परेड रस्त्यावर चालली होती, दोन गोरे तरुण घोडागाडीत आले, वाट द्या म्हणून वाद झाला, शेवटी परेडने वाट दिलीपण. एवढ्याशा गोष्टीची केस रिव्हर्सपुढे आली. ८ तारखेला गोऱ्यांच्या बाजूने दक्षिणेचा माजी जनरल बटलर वकील म्हणून आला, सोबत हत्यारबंद लोक, आणि म्हणाला मिलिशियाच्या बंदुका आमच्या स्वाधीन करा. रिव्हर्सने मध्यस्थीचा प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही. नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली. जे हाती लागले त्यातल्या काहींना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. तरी रिव्हर्स मागे हटला नाही, त्याने चौकशी चालवली, नव्वदच्या वर गोऱ्यांवर आरोप ठेवले गेले. खटला एकावरही चालला नाही. बटलर पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला सिनेटर झाला.

याला कित्येक वर्षं 'हॅम्बर्गची दंगल' म्हणायचे. माझी कळकळीची विनंती आहे की आपण कधी यावर छापलंत तर दंगल लिहू नका, हत्याकांड लिहा. हा शब्दांचा खेळ नाही साहेब, दंगल म्हटलं की दोन्हीकडचे सारखेच दोषी होतात, आणि मेलेल्याच्याच माथी खापर फुटतं.

त्या हत्याकांडात जो एक गोरा मेला त्याचा स्तंभ १९१६ ला नॉर्थ ऑगस्टात उभा राहिला. काळ्या मृतांच्या नावांचा दगड लागायला २०१६ उजाडलं, मधे शंभर वर्षं गेली.

पुढे राज्यातली काळ्यांची सत्ता गेली, पदं गेली आणि रिव्हर्स पुन्हा घोडागाडी हाकायला लागला. घटना लिहिलेला माणूस, आमदार, न्यायाधीश, पोटासाठी परत लगाम हातात घेऊन बसला आणि १८८७ ला वारला.

पुढच्या १ जानेवारीला ही हकिगत पुरवणीत छापा. जागा कमी पडली तर नुसता झेंड्याचा प्रसंग छापा, पण त्यात रिव्हर्सचं नाव पूर्ण येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा