मधल्या मुक्कामाबद्दल, मनूला

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, पहाटे निघायचं आणि एका दमात पोचायचं, मधे हॉल्टबिल्ट काही नको, उगाच एक दिवस फुकट जातो, तेव्हा मी नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. पण रात्री झोपच लागेना. कारण हे वाक्य माझं आहे गं, अगदी शब्दन्शब्द, आणि त्यावरून तुझी आई आणि मी भर घाटात भांडलो होतो.

तू नऊ वर्षांची असशील, मागच्या सीटवर मान खाली घालून गोष्टीचं पुस्तक वाचत होतीस, आणि वळणांवर तेच नडतं, डोळे सांगतात आपण एका जागी बसलोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. दोन उलट्या झाल्या, तिसऱ्यांदा गाडी थांबवली तेव्हा आई म्हणाली आता आज ही गाडी पुढे जाणार नाही. समोर ते गाव होतं, एक रस्ता, उतारावर चिकटलेली घरं, बास. मी प्रचंड चिडलो. पुढच्या बुकिंगचे एका रात्रीचे पैसे बुडणार होते ना (बुडालेच). नाइलाजाने खोली घेतली, बॅगा टाकल्या आणि बाहेर बाकावर जाऊन नकाशा उघडून बसलो. दोन तास कोणाशी बोललो नाही.

तुम्ही मात्र मजेत. दादाला बॅगेत फुग्यासारखं टम्म फुगलेलं वेफर्सचं पाकीट सापडलं. साधारण दोन हजार मीटरवर होतो आपण, तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७८-८० टक्के असतो आणि पाकिटातली हवा खालची, मग ते फुगणारच. एरवी मी हे सगळं लगेच सांगितलं असतं, पण तेव्हा रुसलो होतो ना, दादाने ते कानाशी फोडलं तरी ढिम्म हललो नाही.

आणि दिवस लवकर संपतो तिथे. सूर्य मावळलेला नसतो, नुसता डोंगराआड गेलेला असतो, म्हणजे गावावर सावली पडते आणि समोरचं शिखर अजून तासभर पिवळंधमक. वाराही फिरला, दुपारभर दरीतून वर येत होता, उतार थंड झाले तसा वरून खाली यायला लागला. आपण सगळे सुती कपड्यांत. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा डिग्रीने गार होते हे मला पाठ होतं, आणि स्वेटर आणला होता एकच, माझा, तो तुझ्या अंगात, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत.

तू कठड्याशी उभी राहून "बाबाऽऽ" अशी हाक मारलीस. मी ओ दिली नाही. डोंगराने दिली. मग तू परत परत मारत सुटलीस आणि दादा सेकंद मोजायला लागला, तीन भरले. मला राहवेना, म्हटलं आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तो जाऊन परत आलाय, तर निम्मं कर. तू बोटांवर हिशोब केलास, अर्धा किलोमीटर! झालं, मग रात्री जेवायला उशीर होईपर्यंत आपण तेच करत बसलो, आणि सकाळी सहाला निघायचं मीच ठरवलं होतं ना, मी गाडी काढलीच नाही. दुपारपर्यंत चौघंही उन्हात लोळलो. पुढचं ठिकाणही छान होतं हं, खोटं कशाला बोलू.

तर प्लॅनमध्ये एक मुक्काम घाल. चिऊला घाटात मोबाईल देऊ नकोस, लांब बाहेर बघायला सांग. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेव, सारखा ब्रेक दाबलास तर तो तापतो आणि मग पकडत नाही. मुक्काम अडीच हजार मीटरच्या वर असेल तर पहिल्या दिवशी धावपळ नको, आणि तीन हजारच्या वर गेलात तर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, डोकं दुखून मळमळायला लागलं तर तिथेच थांबायचं, वाढलं तर सरळ खाली यायचं, हट्ट नाही करायचा. (हट्ट तुझ्यात कुठून आला ते मला विचारू नकोस.)

हे पत्र आईला दाखवू नकोस, इतक्या वर्षांनी तिचं बरोबर होतं हे मी लिहून दिलं असं नको व्हायला. तो स्वेटर कपाटातून काढून उन्हात टाकलाय, निघायच्या आधी घेऊन जा, चिऊला घोट्यापर्यंत येईल.

बाबा