लाल काडीतले गाव

संपादक महोदय,

स. न.

दिवाळी पुरवणीतला फटाक्यांच्या रंगांवरचा लेख वाचला. बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा हे सारे ठीक. मात्र लाल रंग देणाऱ्या धातूबद्दलच्या 'स्ट्रॉन्शियम हे ग्रीक नाव' या वाक्याशी अडखळले. तीस वर्षे नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवल्यामुळे गप्प राहवेना.

हे नाव ग्रीक नाही, गेलिक आहे, म्हणजे केल्टिक कुळातल्या भाषेतले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात स्ट्रॉन्शियन नावाचे छोटेसे गाव आहे. तिथल्या शिशाच्या खाणीत एक वेगळेच खनिज सापडले. ते वाटले तसे बेरियमचे नव्हे, हे १७९० मध्ये अडेर क्रॉफर्ड यांनी ओळखले आणि १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हींनी विजेच्या साहाय्याने त्यातला धातू मोकळा केला. त्या धातूला गावाचे नाव मिळाले.

गावाच्या नावाचा अर्थ 'पऱ्यांच्या टेकडीचे नाक'. डोंगराच्या पुढे आलेल्या भागाला आपण सोंड म्हणतो, ते लोक नाक म्हणतात. 'नाक' या अर्थाचा गेलिक शब्द 'स्र'ने सुरू होतो, पण बोलताना मध्ये 'ट' डोकावतो. आपणही 'स्रोत'चा 'स्त्रोत' करतोच. आपल्या अंकात तर तो छापूनही येतो!

या पऱ्या पंखवाल्या, चांदीची छडी घेतलेल्या नव्हेत. त्या टेकडीच्या पोटात राहतात आणि पाळण्यातले मूल उचलून त्याजागी आपले ठेवून जातात. त्यांची जातकुळी आपल्या साती आसरांच्या जवळची. नाव घेतानाही जपावे अशी. त्या लोखंडाला भितात, म्हणून पाळण्यावर लोखंडाची वस्तू ठेवत. माझी आजी बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता ठेवायची, ते आठवले. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'आयर्न' हा शब्दही मुळात केल्टिकांकडूनच आला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

वर्गात हे सगळे सांगायला वेळ नसे. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, स्ट्रॉन्शियम क्लोराइडची चिमूट तिला चिकटवायची आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायची. ज्योत एकदम कुंकवासारखी लाल व्हायची. मागच्या बाकावरची पोरेसुद्धा उठून पुढे यायची. दिवाळीतल्या रंगीत काडेपेटीतली लाल काडी हीच, एवढेच मी सांगे. गावाचे आणि टेकडीचे राहून जाई.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल तेव्हा 'ग्रीक' खोडून 'गेलिक' एवढेच करू नका. एखाद्या कोपऱ्यात ती टेकडीही येऊ द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा