बुर्गहाऊजेनचा किल्ला आला, नदी राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या बुर्गहाऊजेन या गावावर लेख आला, बघून आधी खूप आनंद झाला कारण मराठीत जर्मनी म्हटलं की बर्लिन, म्युनिक, फार तर हायडेलबर्ग, त्याच्या पुढे कोणी जातच नाही. फोटो पण सुंदर होते. पण लेख संपला तेव्हा वाटलं अर्धीच गोष्ट सांगितली गेली. सगळा भर किल्ल्यावर, जगातला सगळ्यात लांब किल्ला, १०५१ मीटर, गिनीज बुकात नोंद, आणि ज्या नदीमुळे हे गाव उभं राहिलं, बसलं आणि परत उठलं त्या साल्झाखचं नाव फक्त एका फोटोखाली. माझं या गावावर फार प्रेम आहे म्हणून हे लिहितोय, थोडं लांबेल, जमेल तेवढं छापा.

आधी गाव कुठेय ते. बव्हेरियाच्या आग्नेय टोकाला, म्युनिकपासून साधारण ११० किलोमीटर पूर्वेला, साल्झबर्गपासून त्याच्या निम्मं. साल्झाख आल्प्समधून निघते, साल्झबर्ग शहरातून जाते, मग जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरून वाहत थोडं खाली इन नदीला मिळते. बुर्गहाऊजेन डाव्या काठावर, आणि समोरचा काठ म्हणजे ऑस्ट्रियातलं आख हे छोटं गाव, पूल ओलांडला की दुसरा देश. लोकसंख्या अठरा-एकोणीस हजार.

आता किल्ला एवढा लांब का, हा प्रश्न लेखात कुठेच नाही, राजांना हौस होती म्हणून बांधला असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाहीये. जुन्या गावाच्या मागे एक अरुंद लांबलचक कडा आहे, त्याच्या पूर्वेला साल्झाख आणि पश्चिमेला व्योरझे नावाचा तलाव, आणि हा तलाव म्हणजे दुसरं काही नाही, साल्झाखचाच जुना सोडून दिलेला प्रवाह. म्हणजे दोन्ही बाजूंनी नदीनेच डोंगर कापून ठेवला आणि मधे जी धार राहिली तिच्यावर किल्ला बसला. रुंदीला जागाच नाही, वाढायचं तर लांबीतच वाढणार. दक्षिणेच्या टोकाला बालेकिल्ला, तो सगळ्यात जुना भाग, १२५५ मध्ये बव्हेरियाची वाटणी झाल्यावर लोअर बव्हेरियाच्या ड्यूकनी तो मोठा करायला घेतला, आणि मग उत्तरेकडे एकामागे एक पाच चौक, प्रत्येकाला आपला दरवाजा, कारण तीन बाजूंनी उतार आहे, शत्रू येणार तो उत्तरेकडूनच. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्याची लांब माची ज्यांनी बघितली आहे त्यांना हे सांगायलाच नको. पागा, धान्याची कोठारं, शस्त्रागार, सगळं या चौकांमधे पसरलेलं. आणि सगळ्यात छान गोष्ट म्हणजे चौकातल्या घरांमधे आजही लोक राहतात, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या असतात, फिरायला तिकीट नाही, तिकीट लागतं ते आतल्या म्युझियमला.

लेखातली एक गोष्ट मात्र मला खटकलीच, ती म्हणजे पोलंडच्या राजकन्येची. हेडविग, पोलंडचा राजा कासिमिर चौथा याची मुलगी, १४७५ मध्ये लांड्सहूट या लोअर बव्हेरियाच्या राजधानीत तिचं तिथल्या ड्यूकच्या मुलाशी, गेओर्गशी लग्न झालं, हाच पुढे श्रीमंत गेओर्ग म्हणून प्रसिद्ध झाला. त्या लग्नाचा थाट एवढा की लांड्सहूटमधे आजही दर चार वर्षांनी तो सोहळा करतात. पुढे हेडविग बुर्गहाऊजेनला राहिली आणि १५०२ मध्ये तिथेच गेली. तर तुमच्या लेखात म्हटलंय की नवऱ्याने तिला इथे कैदेत टाकलं. ही कथा लोकप्रिय आहे, गाइड लोक पण सांगतात, पण इतिहास अभ्यासणारे आता ती मानत नाहीत. बुर्गहाऊजेन ही त्या घराण्याची दुसरी राजधानीच होती, ड्यूकच्या राण्यांनी इथे राहायची रीत आधीपासून होती, घराण्याचा खजिना पण याच किल्ल्यात असायचा, आणि हेडविगचा इथे स्वतःचा दरबार होता, नोकरचाकर होते. एका बाईच्या सगळ्या आयुष्यावर बिच्चारी असा शिक्का मारून मोकळं व्हायचं हे बरोबर वाटत नाही. खरा कैदी पाहिजे असेल तर इंगोलश्टाटचा ड्यूक लुडविग दाढीवाला आहे ना, घरच्याच भांडणात पकडला गेला आणि १४४७ मध्ये याच किल्ल्यात कैदेत असताना मेला, त्याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

हेडविगचे मुलगे लहानपणीच गेले म्हणून गेओर्गने घराण्याचा करार, म्हणजे मुलगा नसेल तर राज्य म्युनिकच्या भाऊबंदांकडे, तो मोडून राज्य मुलीच्या आणि जावयाच्या नावावर केलं, १५०३ मध्ये तो गेला आणि लगेच वारशाची लढाई पेटली, १५०४ मध्ये मुलगी आणि जावई दोघंही गेले, आणि १५०५ ला बुर्गहाऊजेनसकट बहुतेक राज्य म्युनिकच्या ड्यूककडे. इथून पुढे बुर्गहाऊजेन राजधानी नाही, नुसतं प्रांताचं ठिकाण.

पण गावाचा पैसा दरबारातून येत नव्हता, तो नदीतून येत होता, आणि मला मुख्य सांगायचंय ते हेच. साल्झबर्गच्या वर हालाइनला मिठाच्या खाणी होत्या, ते मीठ होड्यांमधून साल्झाखने खाली यायचं, बुर्गहाऊजेनला जकात द्यायची, इथे बराचसा माल उतरायचा आणि पुढे गाड्यांनी बव्हेरियात जायचा. खाली चौकात जी उंच रंगीत घरं दिसतात, गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, ती या कमाईच्या काळातल्या वस्तीची. त्यांच्या दर्शनी भिंती वर सरळ कापलेल्या असतात, छप्पर भिंतीमागे लपलेलं असतं, एका घराची आग दुसऱ्या घराला लागू नये म्हणून ही पद्धत, इन आणि साल्झाखच्या काठच्या सगळ्या गावांत दिसते. फोटो काढणाऱ्याने हा चौक काढला पण लिहिणाऱ्याने त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. मग १५९४ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने मिठाचा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला आणि गावातल्या व्यापाऱ्यांचं कंबरडंच मोडलं. किल्ला तेवढाच लांब होता, तटबंदी तेवढीच भक्कम, पण गाव बसलं.

दुसरा घाव १७७९ चा. १७७७ च्या शेवटी बव्हेरियाचा राज्यकर्ता मूलबाळ नसताना वारला, ऑस्ट्रियाला बव्हेरिया पाहिजे होता, प्रशियाचा राजा फ्रेडरिक आडवा आला, जे युद्ध झालं त्यात मोठी लढाई अशी झालीच नाही, सैनिक अन्नासाठी शेतं धुंडाळत राहिले म्हणून लोक त्याला बटाट्याचं युद्ध म्हणतात. तहात ऑस्ट्रियाला साल्झाख आणि इनच्या पलीकडचा पट्टा मिळाला, इनफिएर्टेल. आता नकाशावर हे छोटंसं वाटतं, पण बुर्गहाऊजेनचा बहुतेक सगळा प्रांत नेमका तिकडेच होता, ज्यांचे खटले, कर, बाजार इथे चालायचे ती गावं एका सहीने परदेशात गेली. जी नदी मधोमध वाहत होती ती सीमा झाली. पुढे १८०९ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेने मागे हटताना पूल जाळला, नेपोलियनला इथे मुक्काम करून पूल परत बांधून होईपर्यंत थांबावं लागलं, मग काही वर्षं इनफिएर्टेल परत बव्हेरियाकडे आलं, १८१६ ला कायमचं गेलं. एकोणिसावं शतक गावासाठी फार गरिबीचं होतं. आणि त्याचा एक फायदा झाला असं मला वाटतं, पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता, म्हणून जुनं गाव एवढं शाबूत राहिलं.

परत उठलं ते पण पाण्यावरच. अलेक्झांडर वाकर यांनी १९१४ मध्ये केमिकल कंपनी काढली, तिला भरपूर वीज पाहिजे होती, आणि कीमझे तलावातून येणाऱ्या आल्त्स नदीचं पाणी कालव्याने आणून साल्झाखच्या खोल दरीत सोडलं तर वीज तयार होते हे हेरून कारखाना इथे टाकला, १९१६ मध्ये उत्पादन सुरू. आज तो त्यांचा सगळ्यात मोठा कारखाना, सोलर पॅनल आणि चिप्ससाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन तिथे बनतं. कामगार आले, वरच्या पठारावर नवं गाव वाढलं, आज बहुतेक लोक तिथेच राहतात. लेखात या कारखान्याला गालबोट म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. १९७० पासून गावात दरवर्षी जॅझ महोत्सव होतो, जुनी घरं रंगवलेली, रस्ते नीट, हे सगळं नुसत्या टुरिस्टांच्या पैशावर होत नाही, मागे नोकऱ्या आहेत म्हणून होतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, लेखात नव्हत्या म्हणून. पूल ओलांडून आखच्या चढावर जा, अख्खा किल्ला एका नजरेत फक्त तिथूनच मावतो. आणि नदीच्या वरच्या अंगाला राइटेनहासलाखचा जुना मठ आहे, ११४६ चा, हेडविगला तिथेच पुरलंय, तिथे नक्की जा. उन्हाळ्यात मिठाच्या होड्यांसारख्या सपाट लाकडी होड्या टिटमोनिंगहून बुर्गहाऊजेनला येतात, जमलं तर गावात पहिल्यांदा तसंच या. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी अशा लेखासोबत एक साधा नकाशा द्या ही विनंती, त्यात निदान नदी आणि समोरचा काठ तरी दिसू दे.

आपला,
एक नियमित वाचक